तिला कधी विचारलं का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुकुटबनमध्ये आम्ही सात-आठ जणी जमलो होतो. वाण देऊन झालं, तिळगूळ झाला आणि विषय निघाला सिनेमाचा. एकीने आदल्या रात्री मोबाइलवर ‘अस्तित्व’ पाहिला होता. “झोपच नाही लागली वं मले,” ती म्हणाली. दुसरी लगेच म्हणाली, “पण बाईनं असं करावं का?” सगळ्या एकदम गप्प झाल्या.

महेश मांजरेकर यांचा हा सिनेमा 2000 सालचा. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत केलेला. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तब्बूने केलेली अदिती चारचौघींसारखीच गृहिणी. नवरा श्रीकांत (सचिन खेडेकर) कामात बुडालेला, सारखा बाहेरगावी. घरात करमत नाही म्हणून ती नोकरी करू का विचारते. तो नको म्हणतो. गाणं शिकायला मात्र परवानगी मिळते. गाण्याच्या मास्तरांबरोबर, मल्हार कामतबरोबर, तिचा तोल जातो आणि दिवस राहतात. नवरा परतल्यावर ती खरं सांगायला जाते. पण बाप होण्याच्या आनंदात तो ऐकूनच घेत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी कळतं, की मल्हारने मरताना आपली मालमत्ता अदितीच्या नावे केली आहे. मग घरातच कोर्ट भरतं. पोटचा मुलगाही आईविरुद्ध उभा राहतो.

अदितीचं चुकलं की नाही, यावर वाद घालता येईल. पण तिलाही मन आहे, शरीर आहे, त्या शरीराला ओढ आहे, हे त्या घरात कुणाच्या ध्यानात तरी आलं होतं का?

दूर फ्रान्समध्ये अन्येस वार्दा या दिग्दर्शिकेने 1962 मध्ये ‘क्लेओ 5 ते 7’ केला. डॉक्टरी तपासणीच्या निकालाची वाट बघत पॅरिसभर फिरणारी एक गायिका. तोवर जग तिचं रूप बघत असतं. त्या संध्याकाळी ती स्वतःच्या डोळ्यांनी जग बघायला लागते. देश वेगळा, पण शरीराची भीती मनातच ठेवायची सवय तीच.

आपल्याकडेही पाळी येते, बाळंतपणं होतात, पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते. कोरडेपणामुळे जवळीक नकोशी होते. तर एखादीला उलट आता दिवस राहण्याची धास्ती गेली म्हणून मोकळं वाटतं. यातलं काहीच वाईट नाही. त्रासावर उपाय आहेत, डॉक्टरांना विचारायला लाज कसली? आणि मैत्रिणींनो, पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त गेलं, तर मात्र अंगावर काढू नका, लगेच दाखवा.

त्या दिवशी कापूस वेचून थकून आलेल्या एक मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “करावं का नाही, ते राहू द्या. तिच्या नवऱ्यानं तिले कधी इचारलं का, तुले काय पायजे म्हून?”

सिनेमात शेवटी अदिती घर सोडते, तेव्हा तिच्या बाजूने उभी राहते ती होणारी सून. एक बाई दुसरीचं ऐकून घेते. तेवढं तर आपल्यालाही जमेल ना?