काळ्या पडद्यामागे

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलाच्या मुलुखास झाडीपट्टी असे म्हणतात. भाताची कापणी आटोपली, की तेथे गावोगावी मंडप उभे राहतात आणि रात्रभर नाटके रंगतात. एखादे वेळी पडद्याची दोरी अडकते. प्रेक्षक अस्वस्थ होतात. परंतु पडदा उघडला नाही म्हणून नटमंडळी आलीच नाहीत, असे कोणी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तसेच म्हणतो. पडदा काळा दिसला, की यंत्र बिघडले असे ठरवून आपण मोकळे होतो.

मुलांनो, नागपुरातील एका शाळेत असाच प्रसंग घडला. निवृत्तीनंतर मी त्या शाळेत अधूनमधून शिकवावयास जात असे. शाळेला एक जुना संगणक भेट मिळाला होता व त्यावर लिनक्स ही प्रणाली होती. त्यातील ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, निकामी झाल्यामुळे दुसऱ्या बनावटीचे कार्ड बसवण्यात आले. आणि तेव्हापासून पडद्यावर काहीच उमटेना. दुरुस्तीसाठी पैसे नव्हते. ‘भंगारात देऊन टाका,’ असा सल्ला मिळाला. सातवीच्या साऱ्या वर्गाच्या वाट्याला तेवढा एकच संगणक होता. मुलांचे चेहरे उतरले.

इतक्यात एका मुलीने कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबली. त्याबरोबर तेथला इवलासा दिवा लागला. पुन्हा दाबताच तो विझला. ती हर्षाने म्हणाली, “गुरुजी, यंत्र आपले ऐकते आहे! नुसते दिसत नाही.”

तिचे म्हणणे अगदी खरे होते. ते कसे, हे आता पाहू.

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहिला. स्मृती, कळफलक व साठवण यांचा कारभार हा गाभा पाहतो. पडद्यावर चौकटी व चित्रे मांडण्याचे काम मात्र निराळ्याच व्यवस्थेकडे असते. त्यांपैकी ‘एक्स’ ही व्यवस्था अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९८४ साली जन्मास आली. तिच्या आधी ‘डब्ल्यू’ नावाची व्यवस्था होती. म्हणून हिला पुढचे अक्षर मिळाले. अलीकडे अनेक संगणकांवर तिची जागा ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेने घेतली आहे. गाभा आणि चित्रव्यवस्था वेगवेगळ्या असल्यामुळे एक अडखळली तरी दुसरा चालूच राहतो.

चित्रव्यवस्थेचे काम सोपे नव्हे. पडद्यावर आडवे १०२४ व उभे ७६८ ठिपके असतील, तर एकूण ठिपके ७,८६,४३२ होतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा प्रकाश किती असावा हे ठरवावे लागते, आणि सारे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने पाठवावे लागते. हे काम बिनचूक व्हावे म्हणून कार्डाची भाषा जाणणारा एक छोटा कार्यक्रम मध्ये असतो. त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. कार्ड एका बनावटीचे आणि ड्रायव्हर दुसऱ्याचा, असे झाले तर चित्र उमटत नाही.

आम्ही ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ व ‘एफ-३’ या तीन कळा एकत्र दाबल्या. त्यासरशी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे प्रकटली. चित्र नव्हते, पण संवाद सुरू झाला. एक्स आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवते आणि जेथे चूक होईल तेथे ‘ई’ हे अक्षर दोनदा लिहिते. मुलांनी ती नोंदवही ओळीओळीने वाचली. एका ओळीत ‘अमुक ड्रायव्हर सापडला नाही’ असे होते. शेवटी ‘एकही पडदा सापडला नाही’ असे होते. त्या ड्रायव्हरचे नाव काढून टाकलेल्या कार्डाचे होते!

उलगडा झाला. जुन्या कार्डासाठी कोणीतरी सूचनांची एक फाइल लिहून ठेवली होती. अशी फाइल असेल तर एक्स तिच्याच आज्ञेने चालते. नसेल तर यंत्रात कोणते कार्ड व कोणता पडदा आहे, हे स्वतः विचारून घेते. पूर्वी पडद्याची सारी मापे हातानेच लिहावी लागत. आता बहुतेक पडदे आपली माहिती तारेतून स्वतःच सांगतात.

मुले ती फाइल पुसून टाकणार होती. मी म्हणालो, “पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. आपला तर्क चुकला, तर ती परत लागेल.” शाळेच्या परवानगीने तसे केले व संगणक पुन्हा सुरू केला. क्षणभर पडदा काळाच राहिला. मग त्यावर निळसर प्रकाश पसरला, चौकटी उमटल्या आणि बाणाची खूण हलू लागली. वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती मुलगी मात्र वहीत काहीतरी लिहीत होती. मी डोकावून पाहिले. कोणत्या फाइलचे नाव बदलले, ते का बदलले व कोणत्या दिवशी बदलले, एवढेच तिने टिपले होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “पुढच्या वर्षी दुसरी मुले येतील, गुरुजी. त्यांचा पडदा काळा झाला, तर त्यांना वाचायला काही हवे ना?”