नाकाच्या भरवशावर

मुंबईत कुठेतरी, बसथांब्याच्या बाकाखाली किंवा एटीएमच्या कोपऱ्यात, एक बॅग पडलेली असते. अर्धा तास तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. मग एकजण शेजारच्याला विचारतो, ‘तुमची का हो?’ आणि पाच मिनिटांत तिच्याभोवतीची जागा रिकामी होते. नियंत्रण कक्षाला फोन जातो. जवळच्या ठाण्याचे बीट मार्शल मोटारसायकलवरून येतात, गर्दी मागे रेटतात, दोरी बांधतात. बॅगेला हात मात्र लावत नाहीत. तो लावायचा अधिकार बॉम्बशोधक व नाशक पथकाचा, म्हणजे पोलिसांच्या तोंडी असलेल्या ‘बीडीडीएस’चा. त्यांची गाडी येते, मागचं दार उघडतं आणि हस्तकाबरोबर आधी उतरतो तो लॅब्रॅडॉर.

शहराच्या पोलीस दलात खास पथकांना तोटा नाही. शीघ्र प्रतिसाद पथक आहे, महिलांच्या तक्रारींसाठी निर्भया पथक आहे. वाहनांची गर्दी वाढली म्हणून १९३२मध्ये मोडीत काढलेलं घोडदळ २०२०च्या जानेवारीत पुन्हा आणलं गेलं. शिवाजी पार्कच्या संचलनात ते रुबाबदार दिसलं, फोटोही छान आले. पण रोज उठून, कुणी बघत असो वा नसो, शहराच्या कामी येणारं जनावर कुत्राच. मुंबई पोलिसांचं श्वान पथक १९५९चं. सुरुवातीला त्यात जेमतेम तीन डॉबरमन होते.

दोरीच्या आत काय चालतं, ते लांबून फारसं कळत नाही. हस्तक आधी वारा कुठून येतोय ते बघतो आणि कुत्र्याला वाऱ्याखालच्या अंगाने बॅगेकडे नेतो, म्हणजे वास आपणहून नाकापर्यंत येतो. पट्टा सैल, पण सुटा नाही. कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा हुंगतो. आत घेतलेली हवा नाकपुडीच्या समोरून जाते आणि सोडलेली बाजूच्या चिरांतून बाहेर पडते, त्यामुळे स्वतःच्याच उच्छ्वासाने समोरचा वास उधळला जात नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. स्फोटकाचा वास लागला तर भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, ओढाताण करायची नाही. फक्त खाली बसायचं. भुंकण्याने किंवा पंजाने स्फोटकाला धक्का लागू नये, म्हणून शिकवलेली ही रीत.

तो बसला की उपस्थितांच्या पोटात गोळा येतो. मग हस्तक त्याला घेऊन मागे सरतो आणि माणसं पुढे होतात. कुठेही नेता येणारं क्ष-किरण यंत्र, लांबून ओढायला दोर आणि आकडे, आणि तीसेक किलो किंवा त्याहून वजनदार सूट चढवलेला एकटा जवान. मुंबईच्या मे महिन्यात तो सूट घालून दहा पावलं चालणं म्हणजे काय, हे घातल्याशिवाय समजायचं नाही.

बहुतेक वेळा मात्र कुत्रा बसतच नाही. बॅगेतून जेवणाचा डबा निघतो, छत्री निघते, कुणाचे तरी कपडे निघतात. ‘संशयास्पद काही मिळून आले नाही’ अशी नोंद होते, दोरी सुटते, बस थांब्याला लागते. पथकाच्या कामाचा सिंहाचा वाटा हाच. व्हीआयपीच्या दौऱ्याआधी, सभेआधी, निनावी फोननंतर जी घातपातविरोधी तपासणी होते, तिचं फळ जवळपास नेहमीच शून्य, आणि ते शून्यच सगळ्यांना हवं असतं.

सगळ्यांना म्हणजे कुत्रा सोडून. त्याला तपासणी, बंदोबस्त यांतलं काही कळत नाही. त्याच्या लेखी हा खेळ आहे: ठरावीक वास शोधला की चेंडू मिळतो, शाबासकी मिळते. दिवसामागून दिवस काहीच सापडलं नाही, तर त्याचा खेळातला रस उडतो आणि तो नुसता पाय ओढत फिरतो. म्हणून जाणता हस्तक कोरड्या गेलेल्या कामानंतर सरावाचा नमुना स्वतःच कुठेतरी दडवतो, कुत्र्याला तो शोधू देतो, आणि चेंडू देतो. पगार, पदक, बढती यांतलं काहीच ज्याला नको, त्याचं मन राखण्याची ही युक्ती मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

कधीतरी शून्य येत नाही. १२ मार्च १९९३च्या साखळी स्फोटांत मुंबईत २५७ माणसं गेली. त्याआधी जेमतेम अडीच महिने बीडीडीएसमध्ये एक लॅब्रॅडॉर दाखल झाला होता. पुण्याच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला, नाव अमिताभच्या सिनेमावरून ‘झंजीर’. पुढच्या काळात त्याच्या नाकाने शोधून दिलेल्या मालाचा हिशेब असा सांगितला जातो: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

२००८च्या २६/११ हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चौघांची नावं लोकांपर्यंत पोचली. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्मवर राहिले आणि २०१६मध्ये एकामागून एक गेले. त्या हल्ल्यातली एक गोष्ट मात्र शौर्यकथांत फारशी येत नाही. सीएसटीवर गोळीबारानंतर प्रवाशांचं विखुरलेलं सामान गोळा करून एके ठिकाणी रचून ठेवलं होतं. त्या दीडेकशे बॅगांच्या ढिगात ३ डिसेंबरला, म्हणजे हल्ल्याला आठवडा उलटल्यावर, आठ किलो स्फोटकं सापडली. आठवडाभर लोकल सुटत होत्या, माणसं शेजारून जात होती. बेवारस बॅगेसाठी रस्ता अडवला म्हणून चरफडणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

गणपतीत पथकाचा कस लागतो. लालबागच्या मंडपात धूप, कापूर, फुलं, घाम या सगळ्यांतून नेमका वास वेगळा काढणं कुत्र्याला जमतं. त्याची अडचण वेगळीच असते. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही, तो तोंड उघडून धापा टाकत अंग थंड करतो, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. त्यामुळे दमट हवेत थोडं काम, मग सावली आणि पाणी, मग पुन्हा काम असंच चालवावं लागतं. बंदोबस्तावरच्या साहेबांना घाई असली, तरी या बाबतीत हस्तकाचा शब्द शेवटचा असायला हवा.

स्फोटकं शोधणाऱ्यांखेरीज पथकात माग काढणारेही असतात, बहुधा डॉबरमन किंवा जर्मन शेफर्ड. चोरी-खुनाच्या जागेवर पडलेल्या चपलेचा वास घेऊन ते संशयिताच्या दारापर्यंत जातात. पेपरात बातमी झोकात येते, कोर्टात मात्र तिचं वजन उतरतं. अब्दुल रझाक मुर्तुजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले: कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. माग तपासाला दिशा देतो, तेवढ्यावर शिक्षा होत नाही. मला हे योग्यच वाटतं. अमुक वास इथे आहे की नाही, एवढंच नाक सांगतं. तो कुणी, का ठेवला हे त्याला विचारू नये.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी कारमायकल रोडवर, अँटिलियाजवळ, एक बेवारस स्कॉर्पिओ उभी होती. बीडीडीएसला बोलावणं गेलं. गाडीत जिलेटिनच्या २० कांड्या निघाल्या, डिटोनेटर जोडलेला नव्हता. पथकाने आपलं काम केलं आणि गाडी तपासासाठी सोपवली. ती तिथे ठेवण्यात हात असल्याच्या आरोपावरून पुढच्याच महिन्यात एनआयएने अटक केली, ती मुंबई पोलिसांच्याच एका सहायक पोलीस निरीक्षकाला.