गरम नळाचे कोमट पाणी

दिल्लीतील रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारी नोकरांच्या निवासस्थानांसाठी वसविलेली वसाहत. पुण्याहून बदलून आलेल्या कुटुंबाला उत्तरेकडील थंडीची खरी ओळख येथे पौषातल्या सकाळी न्हाणीघरात होते. छपरावरील टाकीतले पाणी रात्रभरात असे गारठते की त्यात हात घालवत नाही. गिझरचा दिवा लागलेला असूनही नळाला कोमटच पाणी आले, की सारा दोष गिझरच्या माथी येतो. तो नेहमीच न्याय्य असतो असे नाही.

वस्तुतः गिझर हा तांब्याच्या बंबाचाच भाऊबंद. बंबाच्या नरसाळ्यात ओतलेले गार पाणी तळाशी जाते व वरचे कढत पाणी तोटीतून बाहेर लोटले जाते. गिझरात ओतण्याचे हे काम टाकीच्या पाण्याचा दाब करतो, एवढेच. पंचवीस लिटर पाणी 10 अंशांवरून 50 अंशांवर नेण्यास दोन किलोवॅटच्या गिझरला सुमारे 35 मिनिटे लागतात. दहा मिनिटांतच नळ सोडणाऱ्याने यंत्राला नावे ठेवू नयेत.

पुरेसा वेळ देऊनही पाणी कोमटच राहिले, तर एक साधी परीक्षा आहे. विजेची कळ बंद करावी, गिझरात गार पाणी नेणारा कॉक मिटावा आणि मग गरम पाण्याचा नळ सोडावा. क्षणभर ओघळून धार थांबली, तर नळजोडणी निर्दोष आहे. धार वाहतच राहिली, तर गार पाणी आडवाटेने गरम नळीत शिरत आहे. ही आडवाट बहुधा फवाऱ्याच्या मिश्र नळात सापडते. तेथे झिजलेला वायसर बदलला की काम भागते. नव्या गिझरचा खर्च वाचतो.

गार नळ जोरात आणि गरम नळाची धार मात्र बारीक असेल, तर संशय क्षारांवर घ्यावा. जड पाणी तापले की त्यातील विरघळलेला चुना घट्ट होऊन तापतारेवर व नळीत थरांनी बसतो. त्यामुळे वाट अरुंद होते आणि पाणी तापण्यासही विलंब लागतो.

गिझर तापताना सुरक्षा-झडप थोडी ठिबकते, कारण पाणी तापले की प्रसरण पावते. त्या ठिबकण्याला कंटाळून झडपेला बूच मारणारे लोक आढळतात. हे फार घातक होय. उष्णतानियंत्रकही बिघडला, तर वाढत्या दाबाला वाट न मिळून टाकी फुटू शकते. झडप सतत वाहू लागली, तर वीज तोडून जाणत्या कारागिराला बोलवावे. तोवर चुलीवरचे पाणी पुरते.