मण्यारीचा दंश : न दिसणारी जखम

पहाटे पोटात कळा येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो, उलटी होते. रात्रीचे जेवण बाधले असावे, असा घरच्यांचा समज होतो. उजाडता उजाडता पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, आवंढा गिळता येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसात पावसाळ्यात ही लक्षणे दिसली, तर अंगावर दंशाची खूण नसली तरी तो सर्पदंशच समजावा. मण्यारीचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सूज येत नाही, वेदनाही नाममात्र असते आणि झोपलेल्याला अनेकदा जागही येत नाही.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58,000 मृत्यू होतात, असा 2000 ते 2019 या काळाच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप यात प्रमुख मानले जातात. घोणशीचा दंश सहसा लपत नाही. तीव्र वेदना होतात, सूज झपाट्याने चढते, पुढे हिरड्यांतून वा लघवीतून रक्त जाते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर निदान पक्के होते. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते.

मण्यारीबाबत मात्र रक्त नीट गोठते आणि त्यामुळेच फसगत होते. निरुपद्रवी कवड्या साप तिच्यासारखाच दिसतो, हाही घोळ आहे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट असतात, मण्यारीचे नेमके उलट. तथापि साप ओळखण्यासाठी त्याला शोधत वा मारत बसू नये. डॉक्टर उपचार लक्षणांवरून ठरवतात.

दंशानंतर अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, अवयव फळीने स्थिर करावा आणि रुग्णाला चालू देऊ नये. आवळपट्टी, चिरा देणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत केवळ वेळ जातो. नेपाळच्या तराईत रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तातडीने दवाखान्यात पोहोचवण्याची व्यवस्था लावल्यावर मृत्यू लक्षणीय घटले. आपल्या वाडीवस्त्यांनाही हे सहज जमण्यासारखे आहे.

प्रतिविषाची मात्रा वजनावर ठरत नाही. मुलालाही प्रौढाइतकीच लागते, कारण साप दोघांना सारखेच विष टोचतो. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. त्यामुळे प्रतिविष दिल्यावरही श्वसन मंदावू शकते आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास कधी काही दिवस द्यावा लागतो. रुग्णाच्या बाहुल्या स्थिर असतात, हातपाय हलत नाहीत; तो गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असून सारे ऐकत असू शकतो. श्वास चालू ठेवल्यास तो बहुधा पूर्ण बरा होतो, म्हणून नातेवाइकांनी घाईने आशा सोडू नये.

प्रतिबंधाचे साधन घरातच असते. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचली, तर ती मण्यारीलाही अडवते. शक्यतो खाटेवर झोपावे, धान्याची पोती झोपण्याच्या खोलीत रचू नयेत. उंदीर तेथे येतात आणि त्यांच्या मागावर साप.