पुरचुंडीतली ऊब

भिजवून निथळलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून रात्रभर ठेवली, की सकाळी गाठ सोडताना बोटांना जाणवणारी ऊब बाहेरच्या हवेतून आलेली नसते, हे दोन थर्मास घेऊन सहज दाखवता येते. एकात मोड आलेले दाणे आणि दुसऱ्यात तसेच दाणे उकळून, गार करून व बुरशी धरू नये म्हणून जंतुनाशकाने धुऊन भरतात, तोंडाशी कापसाचा बोळा लावतात आणि त्यातून तापमापी आत खोवतात. दुसऱ्या दिवशी जिवंत दाण्यांतला पारा काही अंश चढलेला दिसतो, उकळलेल्यांतला हलत नाही.

दाण्यांत ही ऊब निर्माण करणाऱ्या क्रियेला श्वसन म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण दाण्याला ना छाती ना फुप्फुस, आणि येथे अभिप्रेत असते ते पेशीच्या आत अन्नातली ऊर्जा मोकळी होणे. दाण्यात पाणी शिरताच विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, साठवलेल्या पिष्टाचे ग्लुकोज करू लागतात. पेशीद्रवात सहा कार्बनांचे ग्लुकोज दुभंगून पायरुविक आम्लाचे तीन-तीन कार्बनांचे दोन रेणू होतात आणि पेशीच्या पदरात एटीपीचे निव्वळ 2 रेणू पडतात. एटीपी हे पेशीचे चलन, त्याचा शेवटचा फॉस्फेट गट सुटताना मिळणाऱ्या ऊर्जेवर तिची बहुतेक कामे चालतात.

खरी कमाई पुढे, पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात होते. तेथे, हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये मांडलेल्या आम्लचक्रात, उरलेले कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतात, मात्र ऑक्सिजनचा प्रत्यक्ष वापर अजून झालेलाच नसतो. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलातील प्रथिनांच्या साखळीतून पायरी-पायरीने उतरतात, त्या उताराच्या बळावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि अखेरीस इलेक्ट्रॉन स्वीकारून ऑक्सिजनचे पाणी होते. पलीकडे दाटलेले प्रोटॉन परतताना पटलात रोवलेले एक विकर जात्यासारखे फिरवतात व त्या फिरण्यातून एटीपी घडते. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये सुचवलेली प्रोटॉनांची ही कल्पना प्रथम अनेकांना पटली नव्हती. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

ग्लुकोजच्या एका रेणूमागे अशी एटीपीची सुमारे 30 ते 32 नाणी पडतात आणि त्यांत मूळ ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग सामावतो. बाकीची तिथल्या तिथे उष्णता होते, खर्चलेल्या एटीपीचाही बराचसा भाग शेवटी त्याच वाटेने जातो, आणि थर्मासमधला पारा मोजतो ती हीच उधळण.

फडक्यात पाणी तुंबले, तर हवा आत पोहोचत नाही, ऑक्सिजनअभावी इलेक्ट्रॉनांची साखळी तुंबते आणि पायरुविक आम्लाचे अल्कोहोल करत दाण्याला त्या 2 एटीपींवरच भागवावे लागते. तोवर जिवाणूही हात धुऊन घेतात आणि मटकीला आंबूस वास येतो. म्हणूनच सरावलेले हात मटकी आधी चाळणीत पूर्ण निथळू देतात, आणि फडके नुसते ओलसर ठेवून गाठ सैल बांधतात.