आमचा आमदार कोण?

भारतातून पाहुणे आले की ट्यूलिप, पवनचक्क्या आणि चीज उरकल्यावर एक प्रश्न हमखास येतो: "काय हो, इथला तुमचा आमदार कोण?" इतकी वर्षं इथे काढूनही आम्हा मंडळींना नाव सांगता येत नाही. हे आमचं अज्ञान नव्हे बरं का! 'आपला आमदार' ही वस्तूच या देशात नाही.

एके काळी होती. देशाचे १०० मतदारसंघ होते आणि प्रत्येकातून एक प्रतिनिधी हेगला जाई. १९१७ च्या घटनादुरुस्तीने प्रमाणशीर प्रतिनिधित्व आलं आणि १९१८ च्या निवडणुकीपासून जागावाटपापुरता सारा देश एकच मतदारसंघ झाला. ट्वेडे कामेरच्या, म्हणजे इथल्या लोकसभेच्या, १५० जागा पक्षांना देशभरच्या मतांच्या प्रमाणात मिळतात. इंजिनियरच्या नजरेला हिशेब फार देखणा वाटतो. पण ट्वेंटे, झेलांड, लिम्बुर्ग इकडच्या लोकांची तक्रार जुनीच आहे, की याद्या पक्ष करतात आणि यादीत वरची नावं ॲम्स्टरडॅम-हेगच्या पट्ट्यातलीच असतात.

याला बगल देणारी एक खिडकी आहे. यादीतल्या खालच्या माणसाला पुरेशी वैयक्तिक मतं पडली तर तो वरच्यांना ओलांडून जातो. ट्वेंटेच्या एन्स्खेडेत राहणारे पीटर ओम्टझिख्ट २०१२ मध्ये पक्षाच्या यादीत ३९ वे होते आणि पक्षाला जागा मिळाल्या १३! तरी ३६,७५० मतं घेऊन गडी निवडून आला. याच गृहस्थांनी पुढे स्वतःचा पक्ष काढला आणि प्रादेशिक मतदारसंघांचा आग्रह धरला. २०२३ मध्ये त्या पक्षाला २० जागा मिळाल्या, २०२५ मध्ये शून्य. प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

मग प्रांताचा आवाज हेगला पोचतो कुठून? वरच्या सभागृहातून. देशात १२ प्रांत, बारावा फ्लेव्होलांड, १९८६ चा. प्रांतिक सभेचे सदस्य जनता निवडते आणि ते एर्स्ते कामेरचे ७५ सभासद निवडतात. आपल्या विधान परिषदेत स्थानिक संस्थांचे आमदार असतात, तसलाच हा आडवळणाचा मामला. गंमत पुढेच आहे. प्रत्येक सदस्याच्या मताला वजन असतं: प्रांताची लोकसंख्या भागिले सदस्यसंख्येची शंभरपट. झाउद-हॉलंडची वस्ती सुमारे ३८ लाख आणि सदस्य ५५, म्हणजे एका मताचं वजन ६९० च्या आसपास. झेलांडची वस्ती चार लाखांच्या आत आणि सदस्य ३९, म्हणजे वजन जेमतेम शंभर.

आणि ही लोकसंख्या मोजताना पासपोर्ट बघत नाहीत. रहिवासी तेवढे सगळे धरतात. भारतीय पासपोर्टवर राहणारी आपली कुटुंबं, पाळण्यातल्या पोरांसकट, त्या आकड्यात आहेत. मत नाही, पण वजन आहे!

हे कळल्यावर आम्हा उभयतांना आमचा रत्नागिरी जिल्हा आठवला. तिथे उलटं झालंय. २००८ च्या फेररचनेपर्यंत विधानसभेत रत्नागिरीच्या सात जागा होत्या. त्यानंतर पाच उरल्या: दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ नकाशावरून गेले. गणित साधं आहे. २००१ ला महाराष्ट्र ९ कोटी ६९ लाखांचा, जागा २८८, म्हणजे जागेमागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. रत्नागिरीची वस्ती १६ लाख ९७ हजार, म्हणून पाच.

२०११ च्या जनगणनेत तर रत्नागिरीची वस्ती चक्क घटली, १६ लाख १५ हजार झाली. सिंधुदुर्गाचंही तेच, ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजार. राज्य मात्र ११ कोटी २४ लाखांवर गेलं. त्या आकड्यांवर कोणी नव्याने भागाकार केला, तर जागेमागे ३ लाख ९० हजार पडतात. रत्नागिरीला चार जागा येतात आणि सिंधुदुर्गाला तीनऐवजी दोन. लोक गेले कुठे हे आम्ही वेगळं सांगायला नको. बहुतेक मुंबई-ठाण्याला गेले, आणि आमच्यासारखे काही समुद्रसपाटीच्याही खाली येऊन बसले! मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना एस.टी. हवी, दवाखान्यात डॉक्टर हवा, साकव हवा. त्यासाठी सभागृहात भांडणारं माणूस आमच्या जाण्याने कमी झालं, हा हिशेब घर सोडताना कोणी मांडत नाही.

इथे हक्क किती, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रांतिक सभेसाठी आणि ट्वेडे कामेरसाठी डच नागरिकत्व लागतं. नगरपालिकेसाठी मात्र सलग पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य पुरतं, ही सोय १९८६ पासूनची. आणि वाटरस्खाप, म्हणजे धरणं, कालवे, बांध सांभाळणारं पाण्याचं मंडळ, त्याला कायदेशीर रहिवासी असलेला भारतीयही मत देऊ शकतो. त्याचा कर तर आपण सगळे निमूट भरतोच. प्रांतिक सभा आणि वाटरस्खाप यांचं मतदान एकाच दिवशी असतं, दर चार वर्षांनी. २०२३ नंतरची पाळी २०२७ ची. ज्या घरात नवरा डच आणि बायको भारतीय पासपोर्टवर आहे, तिथे त्याच्या नावे दोन मतदानपत्रं येतात, तिच्या नावे एक. ते एक जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत टाकू नका.