हाड मोडले तर काय करावे?

मित्रांनो, मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात. आपली हाडे अजून वाढत आहेत, म्हणून ती लवचिक असतात. आपल्या नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागा खूप. संत्र्याची ओली फांदी वाकवली तर एका बाजूने तडकते, पण पूर्ण तुटत नाही. लहान मुलांचे हाडही पुष्कळदा असेच मोडते. हात वाकडा दिसत नाही. मग घरचे म्हणतात, "मुरगळला असेल, तेल लावून चोळून दे."

चोळू नका! मोडलेले हाड सरकते. सूज, फार दुखणे, हात उचलता न येणे ही लक्षणे. मुरगळले तरी सूज येतेच. खरे काय ते एक्स-रे काढल्यावर कळते.

माझा भाऊ चिंचेवरून पडला, तेव्हा आईने हाताखाली फूटपट्टी ठेवून हात ओढणीने गळ्यात अडकवला आणि दवाखान्यात नेले. प्लास्टर घातले. मुलांचे हाड साधारण 4 ते 6 आठवड्यांत जुळते.

बांबूच्या कामट्या करकचून बांधू नका. रक्त अडते. बोटे गार किंवा निळी पडली तर लगेच दवाखाना गाठा. हाड बाहेर दिसले तर स्वच्छ कापड झाकून 108 ला फोन करा.

आईबाबांनो, आधी एक्स-रे, मग बाकीचे!

– इयत्ता 4 थी